बर्फ-७

आज दिवसभर बर्फाच्या स्फटिकरचना बघत होते आणि ‘बर्फ-७’पाशी अडकलेच. नेहमीचा बर्फ म्हणजे षटकोनी, आतून पोकळ अशी पाण्याच्या रेणूंची जाळी. म्हणून तर तो पाण्यावर तरंगतो. पण दाब २.१ गिगापास्कलच्या वर, म्हणजे वातावरणाच्या २०,००० पटींहून जास्त गेला, की खोलीच्या तापमानालाही पाण्याचा ‘बर्फ-७’ होतो, म्हणजे दोन घनाकार जाळ्या एकमेकींत घुसलेला! दोघींमध्ये एकही हायड्रोजन बंध (पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठेवणारा दुवा) नाही. स्क्रीनवर एक निळी, दुसरी लाल केली, तेव्हा कुठे डोळ्यांना पटलं. घनता साध्या बर्फाच्या दीडपटीहून जास्त. हिऱ्यांच्या पोटात हा बर्फ अडकलेला सापडल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. दाब आणखी प्रचंड वाढवला की ‘बर्फ-१०’: हायड्रोजन दोन ऑक्सिजनच्या बरोबर मध्यावर. तिथे पाण्याचा सुटा रेणू असा उरतच नाही. मला तर हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.