नखाने ओढलेली निळी रेघ

कार्बनलेस कागदाची, म्हणजे मध्ये कार्बन न घालता खालच्या पानावर प्रत उमटवणाऱ्या कागदाची, नवी रिम प्रेसमध्ये आली की मी आधी नख ओढून बघते. वर पांढरा, खाली गुलाबी, आणि वरून नखाची एक रेघ. गुलाबी कागदावर निळं उमटलं की माल चांगला आणि बाजूही बरोबर. बाजू चुकली, तर छपाई कितीही सुबक असो, बिलबुक रद्दीतच जातं.

इचलकरंजीत सूतवाल्यांपासून ट्रान्सपोर्टवाल्यांपर्यंत सगळ्यांना बिलबुकं लागतात. जीएसटीत मालाचं बिल तीन प्रतींत करायचं असतं: मूळ प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याला. पॉलिमर केमिस्ट्रीत एमएस्सी करून मी वडिलांच्या प्रेसमध्ये बसले, तेव्हा शिक्षण वाया गेलं असं बरेच जण म्हणाले. मला ते कधीच पटलं नाही. मी रोज जो कागद कापते, त्याच्या पाठीवर पॉलिमरच्या मायक्रोकॅप्सूल, म्हणजे तेल भरलेल्या सूक्ष्म कुप्या असतात, काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाच्या.

अमेरिकेतल्या एनसीआर कंपनीत बॅरेट ग्रीन आणि लॉवेल श्लायशर यांनी हे जमवलं आणि 1950च्या दशकात कागद बाजारात आला. त्यांच्या कॅप्सूलची भिंत जिलेटिन आणि डिंकाची. आम्लयुक्त पाण्यात जिलेटिनवर धन भार येतो, डिंकावर ऋण असतो. दोघं एकमेकांकडे ओढले जातात आणि तेलाच्या थेंबाभोवती साय धरावी तसे जमतात. तेलात विरघळलेला असतो क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन हा रंजक, एरवी जवळजवळ बिनरंगी. पेनच्या टोकाने भिंत फुटते, तेल खालच्या कागदावरच्या आम्लधर्मी मातीच्या थराला लागतं, रेणूतलं लॅक्टोनचं कडं उघडतं आणि तो निळा होतो.

फोडणं सोपंच आहे. खरं कसब आहे ते नको तिथे फुटू न देण्यात. कागदावर कागद चढतो, रिमवर रिम, वर टेम्पोचे धक्के. म्हणून त्या थरात कॅप्सूलपेक्षा बरेच मोठे स्टार्चचे कण मिसळतात. साधं वजन हे कण पेलतात आणि कॅप्सूल त्यांच्या आडोशाला सुखरूप राहतात. पेनचा दाब मात्र एवढ्याशा जागेवर एकवटतो, तो कणांना चुकवून आत पोचतो. या युक्तीचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं. कटिंग मशीनचा क्लॅम्प खाली येतो तेव्हा हे कणही पुरत नाहीत. अशा वेळी मी हाक मारते, “मामा, दाब कमी ठेवा,” आणि आतून उत्तर येतं, “ठेवलाय ताई, वर पुठ्ठा पण घातलाय.”

या कागदाची एक बाजू काळीही आहे. 1971पर्यंत अमेरिकेत कॅप्सूलमधल्या तेलासाठी पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) हे विषारी रसायन वापरत. कागद बनवताना आणि रद्दीचा लगदा करताना ते विस्कॉन्सिनमधल्या फॉक्स नदीत गेलं आणि तळाच्या गाळात बसलं. तो गाळ उपसायचं काम 2020पर्यंत चाललं. भिंतीची हुशारी कितीही असो, आत काय भरतो आणि फुटल्यावर ते कुठे जातं याचा हिशेब आधी मांडायला हवा.

औषधांच्या कॅप्सूलवरचं संशोधन मी अजून वाचत असते. 1998 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने एका सूक्ष्म कणावर धन आणि ऋण भारांच्या पॉलिमरचे थर आळीपाळीने चढवले, मग आतला कण विरघळवून पोकळ कॅप्सूल मिळवली. इथेही विरुद्ध भारांचीच ओढ! पण शरीरात पेन टेकवणार कोण? म्हणून पुढे कोणी भिंतीत सोन्याचे नॅनोकण बसवले. ऊतींमधून थोडं आत शिरणाऱ्या जवळच्या अवरक्त (नियर-इन्फ्रारेड) लेसरने ते तापतात आणि भिंत उघडते. कोणी चुंबकीय कण घालून बाहेरून बदलतं चुंबकीय क्षेत्र लावलं, कोणी अल्ट्रासाउंड वापरला.

या शोधनिबंधांत ट्रिगर, म्हणजे लेसरसारखा भिंत उघडणारा इशारा, दिल्यावर औषध कसं झपकन बाहेर आलं, त्याचा आलेख सगळ्यात ठळक छापलेला असतो. मी आधी दुसरी रेघ शोधते: ट्रिगर न देता तेवढ्याच वेळात किती गळलं? ती रेघ तळाशी सपाट असेल, तरच बाकीचं सविस्तर वाचायला घेते.