तुम्ही विचारलंत म्हणून: ओम्नीत कूलंट कुठलं?

‘हिरवं घालता की लाल?’ माझ्या मारुती ओम्नी व्हॅनजवळ कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, डबा घेऊन उभा दिसलो की हे येतंच. पाठोपाठ दुसरं, ‘कोकणात कुठे बर्फ पडतो? विहिरीचं पाणी ओता की!’ एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा तोंडाची वाफ दवडायला नको.

रंगावरून काही कळत नाही. फरक आतल्या गंजरोधकाचा: एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं असतं, दुसरीचं हिरवंच पण ऑरगॅनिक आम्लांचं. डब्याची पाठ वाचा. आयएस ५७५९ (भारतीय मानक) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी मानक) लिहिलंय का बघा, आणि आत आधी काय आहे ते माहीत करून घ्या. सिलिकेटवालं साधारण २ वर्षांनी बदलायचं, ऑरगॅनिक ५ वर्षं चालतं. माझी ओम्नी कार्ब्युरेटरवाली, रेडिएटर तांब्या-पितळेचा, डाख दिलेला. जुन्या डाखाला सिलिकेटवालं मानवतं, म्हणून मी ते घालतो. झालं उत्तर.

साधं पाणी नको, कूलंटच हवं, हे तुम्हाला पटणार नाही, कारण मलाही पटत नसे. तेव्हाचा मी हुज्जतीत कुणाला ऐकायचो नाही. कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, हे खरंच आहे. रेडिएटरचं ०.९ बार दाब धरणारं झाकण धड असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, हेही खरं. पाणी-ग्लायकॉलचं निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण रत्नागिरीत त्याचं काय लोणचं घालायचं? या मुद्द्यांना आजही माझ्याकडे उत्तर नाही. फक्त तेव्हाच्या त्या हुशार माणसाने, म्हणजे मीच, गंज हिशेबात धरला नव्हता. इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, रेडिएटर पितळी, आणि दोन्हींतून फिरणारं पाणी एकच. सुझुकीच्या सर्व्हिस मॅन्युअलांत म्हणूनच थंडी नसली तरी ३० टक्के ग्लायकॉल घाला असं असतं. गोठण्यासाठी नव्हे, गंजासाठी.

आता आंबा घाटाचं सांगतो. शिमग्याला चुलतभाऊ गाडी घेऊन गेला होता. वाटेत कुठल्याशा गॅरेजवाल्याने माझ्या हिरव्यावर गुलाबी ओतलं, उरलेलं भावाने खाडीकाठच्या विहिरीतून भरलं. होळीनंतर त्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, चहाला चालत नाही. गाडीला मात्र चालतं! मला कुणी चकार शब्द सांगितला नाही. कूलंटच्या बाटलीतली पातळी बरोबर दिसत होती. मी काय आत बोट घालून चव बघणार होतो? (बघूही नये. गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्र्या-मांजरांना म्हणून जपायचं.)

मे महिना, मागे कोल्हापूरला न्यायच्या हापूसच्या पेट्या. साखरपा सोडलं, चढ लागला, आणि बूड तापायला लागलं. ओम्नीत इंजिन सीटखालीच, त्यामुळे काट्याच्या आधी ते आपल्याला कळतं. मग काटाही वर गेला. वळणाआड गाडी घेतली, इंजिन बंद केलं. आतून गुडगुड आवाज. थांबणारा प्रत्येक जण बाटली पुढे करी: ‘ओता, ओता!’ एक टेम्पोवाला ओलं किलतान घेऊन थेट झाकणावरच आला. त्याचा हात मी धरला. ‘भलं करायला आलो तर हात काय धरता?’ म्हणून तो रागावून निघून गेला. झाकण उघडलं असतं तर उकळतं पाणी आमच्या दोघांच्या तोंडावर आलं असतं, आणि तापल्या हेडवर गार पाणी म्हणजे चिरेला आमंत्रण. पण भर उन्हात, घाटात, हे कुणाला समजावणार? सावली सरकली तशी पेट्यांवर ऊन आलं, आणि पेंढ्यातून वास यायला लागला. व्यापाऱ्याने भाव पाडला तो वेगळाच.

गाडी टो करून खाली आणली. ड्रेन उघडल्यावर तपकिरी पाणी आणि बुळबुळीत गाळ आला. ऑइल दुधाळ, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं. हेडखालचं गॅस्केट गेलेलं, हेड सपाट करायला, फेसिंगला, द्यावं लागलं, वॉटर पंप नवा. मेकॅनिक वर म्हणतो, ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, इकडे कशाला हवा?’ नको म्हटलं. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा तो व्हॉल्व्ह. इंजिन सदा थंड राहिलं तर पेट्रोल जास्त खातं.

दोष कुणाचा? मी हिरव्या-गुलाबीच्या मिसळण्याला धरतो, भाऊ उन्हाला. मेकॅनिकने झाकणाची स्प्रिंग दाबून दाखवली, ती मेलेलीच होती, म्हणजे झाकण दाब धरत नव्हतं. कदाचित खरं कारण तेवढंच असेल.

आणि आता रेडिएटरही बदललाय. नवा अ‍ॅल्युमिनियमचा, प्लॅस्टिकच्या टाक्यांचा. डाख गेला, म्हणजे हिरव्याच्या बाजूचा माझा मुख्य मुद्दाच गेला. तरी पूर्ण फ्लश करून डिस्टिल्ड पाण्यात तेच भरलंय, कारण २ वर्षांनी काढताना आतला गाळ डोळ्यांनी बघता येतो. तुम्हाला ५ वर्षांचं हवं तर खुशाल घाला. फक्त त्याचाच एक डबा गाडीत ठेवा, आणि गाडी मागायला येणाऱ्याला आधी तो दाखवा.