खुब्याच्या एका एक्स-रेसाठी तीन फेऱ्या

आमचा भैरू, जर्मन शेफर्ड, आठ महिन्यांचा झाला तेव्हा प्रशिक्षकांनी त्याला अडथळ्यांवरून उड्या शिकवण्याचा आग्रह धरला आणि मी ठामपणे नकार दिला. मोठ्या जातीच्या कुत्र्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. ती साधारण १२ ते १८ महिन्यांपर्यंत पक्की होत नाही आणि तोवर उड्यांचे धक्के तिला इजा करू शकतात. त्याऐवजी नाशिकजवळच्या मखमलाबादच्या आमच्या द्राक्षबागेत त्याला माग काढायला शिकवले. तेही चांगले उजाडल्यावरच, कारण या भागात बिबट्याचा वावर असतो.

पंधराव्या महिन्यात, उड्या सुरू करण्यापूर्वी, खुब्यांचा एक्स-रे काढायचे ठरवले आणि तिथेच सारे अडले. गुंगी द्यायची म्हणून भैरूला रात्रीपासून उपाशी ठेवून सकाळी नऊला शहरातल्या एका दवाखान्यात नेले, तर दुपारी दीडला कळले की गुंगी देणारे डॉक्टर आज येणारच नाहीत. आठवड्याने पुन्हा गेलो. फोटो निघाला आणि त्यावर नजर टाकताच सांगण्यात आले, "डावा खुबा उथळ आहे, याला कामाला लावू नका." उथळ म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत पुरेसा खोल न बसलेला. मी फोटो उजेडासमोर धरला. कमरेच्या हाडातली दोन लंबगोल छिद्रे उघडपणे लहानमोठी दिसत होती, म्हणजे कुत्रा एका कुशीवर कललेला असताना फोटो घेतला होता आणि अशा फोटोत एक खुबा उगाच उथळ दिसतो. "फोटो पुन्हा काढा," म्हटले, तर "फोटो ठीक आहे" एवढेच उत्तर मिळाले. मुक्या जनावराच्या आयुष्याचा निर्णय असा दोन मिनिटांत व्हावा, याचा राग अजून गेलेला नाही.

तिसऱ्या खेपेस दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला उताणे नीट सरळ निजवून, मागचे पाय समांतर ताणून फोटो घेतला. दोन्ही छिद्रे सारखी आली आणि दोन्ही खुबे खोल बसलेले दिसले. माझे डोळे भरून आले. तेव्हा फोटो हातात घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.

एक सांगायचे राहिले: वाढत्या वयात कॅल्शियमची पावडर वरून मुळीच देऊ नका. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचे खाद्य मोजून द्यावे, कारण जादा कॅल्शियम आणि जादा वजन दोन्ही सांध्यांना घातक ठरतात.

भैरू गेल्या आठवड्यात १८ महिन्यांचा झाला. पहिला अडथळा त्याच्या कोपराहूनही खाली, मऊ मातीवर लावला होता.