पाणी इला

ऑक्टोबरातली सकाळ. मालवणच्या दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे वाळूत उभं राहून ओढायचं मोठं जाळं, ओढायला माणसं जमत होती आणि मी वाळूत बसून मांडीवरच्या कागदांवरच्या लाल खुणा बघत होते. आमच्या प्रोग्रॅमनं रात्री मालवणी वाक्यं तपासली होती आणि जवळजवळ प्रत्येक पानावर एकच शेरा मारला होता, 'लिंग जुळत नाही'. 'पाणी इला', म्हणजे पाणी आलं, चूक. 'माझा घर हय आसा', चूक. 'झील इलो', म्हणजे मुलगा आला, या वाक्यावर तर 'पुरुष जुळत नाही' अशी वेगळीच तक्रार.

मी मूळची गणिताची. गेली काही वर्षं कॅटेगरी थिअरी वापरून वाक्यांची रचना मांडायचं काम करते. या वेळी हातात मालवणी होती. बाजारात, होडीपाशी, घरांच्या पडवीत बसून ध्वनिमुद्रणं केली होती, ती वाक्यं लिहून काढली होती आणि त्यांची प्रमाण मराठीशी सांगड घालायची होती. दोन व्याकरणं, आणि एकातून दुसऱ्यात नेणारा एक फंक्टर, असा सगळा बेत.

कॅटेगरी थिअरी हे शास्त्र आयलेनबर्ग आणि मॅक लेन या गणितज्ञांनी 1945 साली मांडलं. त्यातला मला सर्वांत आवडणारा विचार असा, की वस्तूच्या पोटात काय आहे हे बघायचं नाही. तिचे इतर वस्तूंशी असलेले संबंध बाणांनी दाखवायचे आणि तिच्याकडे कोणते बाण येतात, तिच्यापासून कोणते निघतात, ते बघायचं. योनेदाच्या नावानं ओळखलं जाणारं प्रमेय तर सांगतं, की हे सगळे बाण कळले की ती वस्तू कळली; त्यापलीकडे तिच्यात शोधण्यासारखं काही उरत नाही. भाषेच्या अभ्यासकांना हे परकं वाटू नये. शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, असं इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 मध्ये लिहिलं, आणि हे फर्थ त्याच्या कितीतरी आधी, 1920 च्या दशकात, लाहोरला शिकवत होते.

याचा वाक्यांशी संबंध जोडला तो मुख्यतः लॅम्बेक या गणितज्ञानं. 1958 सालचा त्यांचा लेख वाक्यरचनेच्या गणितावरच आहे. पुढे 1999 च्या सुमारास त्यांनी ते सोपं करून 'प्रीग्रुप' ही मांडणी दिली. कल्पना अगदी घरगुती आहे. नामाला एक खूण द्यायची, न. क्रियापदाला सांगायचं, 'तुला अमुक बाजूला अमुक नामं हवीत, ती मिळाली की तू वाक्य झालास.' इंग्रजी सकर्मक क्रियापद एक हात डावीकडे करतं आणि एक उजवीकडे. आपलं क्रियापद शेवटी बसतं, त्यामुळे त्याचे दोन्ही हात डावीकडे. 'मुलगी मासा खाते' यात 'खाते'चा जवळचा हात आधी 'मासा' पकडतो, मग लांबचा हात त्याच्यावरून जाऊन 'मुलगी'ला धरतो. कागदावर काढलं तर एकात एक बसवलेल्या वाडग्यांसारख्या दोन कमानी दिसतात. जोड्या जमल्या की नामांच्या खुणा मिटतात आणि फक्त 'वाक्य' ही खूण उरते. या हातांना आम्ही तारा म्हणतो; एखादी तार लोंबकळत राहिली तर वाक्य जमलं नाही.

2010 मध्ये कूके, सद्रझादेह आणि क्लार्क यांनी याला अर्थ जोडला. फर्थची गोष्ट आकड्यांत आणून नामाचा अर्थ सदिशानं, म्हणजे आकड्यांच्या ओळीनं, दाखवायचा, क्रियापदाचा टेन्सरनं, म्हणजे आकड्यांच्या मोठ्या तक्त्यानं, आणि व्याकरणातल्या त्याच कमानी वापरून त्यांचा गुणाकार करायचा. व्याकरणाच्या कॅटेगरीतून सदिश अवकाशांच्या कॅटेगरीत जाणारा फंक्टर तो हाच. वाक्याचा सांगाडा जसा जुळतो तसाच अर्थही जुळतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दिवसभर दुसरं काही करू शकले नव्हते.

तर मालवणीच्या तक्त्यात प्रत्येक शब्दाला खूण द्यायची होती आणि तो तक्ता मी केला होता. प्रमाण मराठीत 'आला, गेला, माझा' म्हणजे पुल्लिंगी, म्हणून 'आ'कारान्त ते सगळं पुल्लिंगी. प्रमाण मराठीत 'मी आलो, मी गेलो', म्हणून 'लो' दिसला की प्रथमपुरुष. दोन तासांत तक्ता उभा राहिला होता आणि मला तेव्हा तो अगदी नीटनेटका वाटला होता.

शेजारी पाटी घेऊन एक काकी बसल्या होत्या. मासळी वर आली की लिलावात उतरायचं होतं त्यांना. त्यांच्या आवाजातली बरीच वाक्यं आमच्याकडे होती. माझ्या हातातल्या लाल खुणा बघून त्यांनी विचारलं, "ह्या काय गो?"

"तुमचीच वाक्यं आहेत, काकी. मशीन म्हणतंय चुकली."

"माझा खय चुकला?"

मी वाचून दाखवलं, 'पाणी इला.' मशीनची सूचना होती, 'पाणी इलं'.

"इलं? तसा कोण म्हणता गो?" त्या माझ्याकडे वळल्या आणि एकेक बोट उघडत सावकाश म्हणाल्या, "झील इलो. होडी इली. पाणी इला. आवशीन सांगल्यान तसाच बोलतंय मी."

तीन बोटं, तीन लिंगं. इलो, इली, इला. माझो, माझी, माझा. बांगडो म्हणतात तेव्हा तो पुल्लिंगी 'ओ'च असतो. त्या एका वाक्यात सगळी व्यवस्था होती आणि ती चोख होती. त्यांचा 'आ' नपुंसकलिंगी, माझा 'आ' पुल्लिंगी. मी शब्दांचे चेहरे जुळवत बसले होते. चेहरा बघू नकोस, बाण बघ, हे ज्या शास्त्राचं पहिलं पाऊल, त्याच शास्त्राच्या नावानं मी हे केलं होतं. 'पाणी'ची तार नपुंसकलिंगी, आणि 'इला'च्या हातात मी पुल्लिंगी खूण दिलेली. मग जोडी मिटणार कशी? वाक्य बरोबर होतं, खूण चुकीची होती.

मला लागलं ते दुसऱ्याच कारणानं. माझं आजोळ राजापूरकडचं. आमच्या घरी 'आईनं सांगितलंन', 'तिनं भाकरी केलीन' असंच बोलत. पाचवीत शहरातल्या शाळेत गेले तेव्हा निबंधातलं 'सांगितलंन' बाईंनी लाल शाईनं खोडलं आणि कडेला 'अशुद्ध' लिहिलं. पुढे मी ते 'न' टाकून दिलं, घरीसुद्धा. आणि आता माझ्याच हातातल्या कागदांवर तीच लाल शाई होती, या वेळी मीच शिकवलेल्या मशीनची.

खरं तर त्या 'न'मध्ये केवढं व्याकरण आहे! 'तू भाकरी केलीस' हे प्रमाण मराठीतही चालतं. त्यातली 'ली' भाकरीकडे बघते आणि 'स' तूकडे. 'तिनं भाकरी केलीन' यात 'ली' भाकरीकडे आणि 'न' तिच्याकडे. म्हणजे क्रियापदाचे दोन्ही हात कुणाला धरून आहेत ते शब्दातच लिहिलेलं. प्रमाण मराठीनं द्वितीयपुरुषाची खूण ठेवली आणि तृतीयपुरुषाची सोडली. कोकणानं दोन्ही जपल्या. अशुद्ध ठरवायचंच असेल तर निदान कोणत्या नियमाला धरून ते सांगावं. आपल्याला ऐकायची सवय नाही, हा नियम होत नाही.

एव्हाना रापण निम्मी वर आली होती. दोन टोकांना दोन रांगा, पाय वाळूत रोवून मागे झुकलेली माणसं, आणि ओढून झालेला दोर मागे वेड्यावाकड्या वळणांत पडलेला. माझ्याबरोबर प्रोग्रॅम लिहिणारा वर्ध्याचा मुलगा होता. समुद्र त्यानं दोन दिवसांपूर्वी पहिल्यांदा पाहिला होता. रांगेतल्या एकानं त्याला हाक मारून मोकळ्या दोराचं एक टोक हातात दिलं. दोर वाळूत नागमोडी पडला होता, एक वळण या अंगाला, एक त्या अंगाला. दोघांनी टोकं ताणली आणि वळणं गेली, सरळ दोर उरला. तो माझ्याकडे बघून ओरडला, "मॅडम, स्नेक!"

आमच्या कामात 'स्नेक' नावाचं हे समीकरणच आहे. तार एकदा वर वळवली आणि एकदा खाली, तर ओढल्यावर ती साधी सरळ तार होते. मधली वळणं म्हणजे काहीच न केल्यासारखी. 2010 च्या त्या लेखात इंग्रजी नकारार्थी वाक्यातलं 'डझ' ('डझ नॉट'मधलं) असंच ओढून सरळ होतं, त्याचा स्वतःचा अर्थ उरत नाही, ते फक्त तार पुढे नेतं. क्वांटम टेलिपोर्टेशनचं, म्हणजे एका कणाची अवस्था दूरच्या कणावर नेण्याचं, चित्रही याच वळणाचं आहे, अब्राम्स्की आणि कूके यांनी 2004 मध्ये ते दाखवलं. फळ्यावर मी हे कितीदा काढलं असेल! तळव्याला दोराचा काच बसताना ते पाहिलेला माझ्या ओळखीतला पहिला माणूस हाच.

बांगडा बऱ्यापैकी लागला होता, तारलीही होती. काकींची पाटी भरली आणि त्या गर्दीत गेल्या. आम्ही खोलीवर येऊन तक्ता पुन्हा मांडला. शेवटच्या स्वरावरून काहीही ठरवायचं नाही. लिंगाच्या तीन खुणा दोन्ही भाषांत त्याच. फंक्टरनं नपुंसकलिंग नपुंसकलिंगाकडे न्यायचं आणि जोड्या होत्या तशा राखायच्या. कोणत्या खुणेचा शब्द कसा दिसतो हे प्रत्येक भाषेच्या शब्दसंग्रहानं सांगायचं. मालवणीचा शब्दसंग्रह मी काकींच्या तीन बोटांपासून सुरू केला.

संध्याकाळी पुन्हा चालवलं. 'पाणी इला', कमान मिटली. 'माझा घर', मिटली. 'झील इलो', मिटली. लाल खुणा झरझर कमी होत गेल्या आणि एका वाक्याशी येऊन थांबल्या. सकाळी ध्वनिमुद्रण चालूच राहिलं होतं, त्यात सापडलेलं, 'आवशीन सांगल्यान तसाच बोलतंय मी.' 'सांगल्यान'मधल्या शेवटच्या 'न'ची तार लोंबकळत होती. तक्त्यात तिच्यासाठी रकानाच नव्हता. मी पट्टी घेतली आणि तो आखायला बसले.