प्रवचनं का सोडलीत, असं तुम्ही विचारलंत म्हणून

भेटेल तो विचारतो आणि मी 'घसा साथ देत नाही' असं म्हणून सुटतो. घसा ठणठणीत आहे. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: हल्ली काहीही विचारलं की 'मला माहीत नाही' म्हणता, हा विनय म्हणायचा की कंटाळा? काहींनी तर परस्पर निकालच लावून टाकलाय. एका गटाच्या मते माझी श्रद्धा उडाली. दुसऱ्याच्या मते मला कसलीशी अवस्था प्राप्त झाली. दुसरी अफवा जास्त त्रासाची, कारण ऐकायला बरी वाटते.

एका व्यासंगी स्नेह्यांनी मला थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाची आठवण करून दिली. डिसेंबर १२७३ मध्ये त्यानं आपला प्रचंड ग्रंथ अर्धाच टाकून लिहिणं थांबवलं, आजवर लिहिलेलं सगळं गवताच्या काड्यांसारखं वाटतं म्हणाला आणि पुढच्या मार्चमध्ये गेला. स्नेह्यांचा हेतू चांगला होता. पण त्याला काहीतरी दिसलं होतं म्हणे. मला काहीही दिसलेलं नाही. तेव्हा ही तुलना नको.

जे झालं ते एकदाच सांगतो, म्हणजे पुन्हा विचारू नका.

माझा थोरला भाऊ अचानक गेला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी माझ्या प्रवचनांना नेमानं येणारे एक गृहस्थ भेटायला आले. हे कायम पहिल्या रांगेत, मांडीवर वही, एक वाक्य सुटू द्यायचे नाहीत. घरात आम्ही पाच-सहा जण बसलेलो. समोरच्या फळीवर भावाचा चष्मा तसाच होता, एका काडीला त्यानं स्वतः गुंडाळलेल्या दोऱ्यासकट. कुणी तो उचलला नव्हता. गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग वहिनींकडे वळून म्हणाले, "घट फुटला की घटातलं आकाश कुठे जातं?"

आणि थांबले.

मी तिथेच थांबायचो. श्रोत्यांची खोकाखोकी बंद होईपर्यंत थांबायचं, मग दोन्ही हातांच्या ओंजळीत हवेतच घट धरायचा आणि ओंजळ सोडून द्यायची. त्यांनी घट धरला. ओंजळ सोडली. "कुठेच जात नाही," ते म्हणाले, "ते घटात कधी कोंडलेलंच नव्हतं." सूर माझा, शेवटच्या शब्दावर आवाज खाली आणणंही माझंच. दृष्टांत जुना, अद्वैत वेदान्ताचे आचार्य गौडपाद यांच्या कारिकांमधला. त्यात एका अक्षराची चूक नव्हती, आजही मी ते चूक म्हणणार नाही. पण त्या क्षणी मला एवढंच वाटत होतं, की या माणसानं उठून जावं. याला काय माहीत? याचं कोण गेलंय?

वहिनी उठून आत गेल्या.

संध्याकाळी आम्ही दोघंच होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "भाऊजी, ते म्हणाले ते त्यांना खरंच माहीत आहे का हो?"

"त्यांनी ते माझ्याकडून ऐकलंय, वहिनी."

"ते कळलं मला. म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

भाष्यकारांचा आधार देता आला असता. श्रुतिप्रामाण्यावर, म्हणजे वेदवचन हेच प्रमाण का, यावर बोलता आलं असतं. त्यावर मी तासभर सहज बोलतो. मी म्हणालो, "मला माहीत नाही." त्यांनी फळीवरचा चष्मा घेतला, नखानं त्या दोऱ्याचं टोक सोडवायला लागल्या, सुटेना तसा पुन्हा जागेवर ठेवला. माझ्या उत्तरानं त्यांना बरं वाटलं की आणखी वाईट, हे मी विचारलं नाही. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललेलो नाही. त्यामुळे 'त्या प्रामाणिक उत्तरानं त्यांना आधार मिळाला असेल' असं जे मला सांगतात, त्यांनी कृपा करून सांगू नये.

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायावर मी किती वेळा बोललो असेन! नारद सनत्कुमारांकडे शिकायला येतो. ते म्हणतात, आधी तुला काय येतं ते सांग. मग त्याची यादी: चारी वेद, इतिहास-पुराण, व्याकरण, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, सर्पविद्या. ही यादी मी एका दमात म्हणायचो आणि सर्पविद्येपाशी लोक हमखास हसायचे. मग 'मी मंत्रवेत्ता आहे, आत्मवेत्ता नाही' हे वाक्य सावकाश, वजन देऊन. त्याला लागूनच नारद म्हणतो, आत्मवेत्ता शोक तरून जातो असं मी ऐकलंय. 'सोऽहं भगवः शोचामि', आणि मी तर शोक करतो आहे. हे शब्द मी कधी गाळले नाहीत. पण त्यांच्यापाशी थांबल्याचंही आठवत नाही. नारद विनयाचा धडा द्यायला आलेलाच नाही. त्याला दुखतंय, आणि एवढ्या लांब यादीतलं काहीही त्यावर चालत नाही.

यावरून 'बघा, पुस्तकात काही नसतं, आम्ही म्हणतच होतो' असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. सनत्कुमार नारदाची विद्या फेकून द्यायला सांगत नाहीत. हे सगळं नावच आहे म्हणतात, पण त्या नावाचीच उपासना कर म्हणतात आणि तिथून वाणी, मन, संकल्प असं करत करत भूम्यापर्यंत, म्हणजे अमर्याद अशा तत्त्वापर्यंत नेतात. 'जाणतो म्हणणाऱ्यांना ते अज्ञात, न जाणणाऱ्यांना ज्ञात' हे केनोपनिषदाचं वाक्य आळशांना दिलेली सवलत नव्हे. ईशावास्य उपनिषदाचा एकच मंत्र सांगतो, की अविद्येची उपासना करणारे अंधारात जातात आणि विद्येत रमलेले त्याहूनही गडद अंधारात. ज्याला जो अर्धा सोयीचा, तो उचलतो. मी हल्ली दुसरा उचलतो, हेही खरं.

प्रवचनं करणारा तो जुना मी अजून वाद घालतोच. तो म्हणतो, अनुभव आलेल्यांनीच बोलायचं ठरलं असतं तर हे ग्रंथ तुझ्यापर्यंत आले असते का? पाठ करणारे, सांगणारे साधेच लोक होते. मी त्याला मुंडक उपनिषदाची आठवण देतो: गुरू श्रोत्रिय, म्हणजे वेद शिकलेला हवा आणि ब्रह्मनिष्ठ, म्हणजे ब्रह्मात स्थिर झालेलाही. तो म्हणतो, मी गुरू कुठे म्हणवलं, मी तर निरूपणकार. मग ओंजळ कशाला सोडायचास, असं मी विचारतो. त्यावर तो गप्प बसतो. पण त्याचा पहिला प्रश्न तसाच राहतो.

आणि नम्रतेचं म्हणाल तर तिचा मला धसकाच बसलाय. 'मला माहीत नाही' म्हटलं की समोरच्याचे हात आपोआप जोडले जातात. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अमानित्वावर, म्हणजे मान नकोसा वाटण्यावर, केवढा विस्तार आहे: वाचस्पतीच्या तोडीची सर्वज्ञता हाती आली तरी मोठेपणाच्या भीतीनं असा माणूस वेडेपणात दडून राहतो. त्याच्याकडे लपवायला काहीतरी आहे! मी रिकाम्या पेटीला कुलूप घालून बसलोय आणि लोक कुलपालाच नमस्कार करतात. उलट तुकोबांकडे बघा. 'लहानपण दे गा देवा' म्हणणारे तेच, आणि 'वेदांचा तो अर्थ आम्हांसीच ठावा' म्हणणारेही तेच. त्या दुसऱ्या ओळीत नम्रता शोधून सापडत नाही, आणि तिची गरजही भासत नाही. म्हणजे आवाज खाली घेतला की नम्र झालो, असं नाही. मग नम्रता नेमकी कुठे असते? पूर्वी यावर माझी सात लक्षणं तयार होती.

आता पुतणीनं नवंच काढलंय. तिला उपनिषदं वाचायची आहेत, माझ्याकडेच, आणि सुरुवात छांदोग्याच्या त्याच सातव्या अध्यायापासून. मी म्हटलं, पदच्छेद, संधी, अन्वय सांगेन. अर्थ तुझा तू बघ. ती म्हणाली, "काका, अन्वय लावला की अर्थ लागतोच की." बरोबर आहे तिचं. अजून तिला हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही, आणि ती रोज विचारते.