आबांच्या रेकॉर्डी आणि खानदेशातला उन्हाळा

आमच्या आबांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. अमळनेर आणि आसपासच्या खेड्यांतली लग्नं, जावळं, भंडारे, आणि वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा. दोन कर्णे, अँप्लिफायर, बॅटरी आणि रेकॉर्डींची लाकडी पेटी बैलगाडीत घालून निघायचे. नंतर कॅसेटी आल्या आणि पेट्या माळ्यावर गेल्या. आबा गेल्यावर भावाच्या फ्लॅटमध्ये पेट्यांना जागा नव्हती, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. भाऊ म्हणाला, "भंगारवाल्याला देऊ का?" पुढचं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही.

रेकॉर्ड कशी जपायची हे सांगणारे पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांच्या खोल्या थंड असतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. विनाइल, म्हणजे रेकॉर्डीचं प्लास्टिक, ६० अंशांच्या सुमारास मऊ पडायला लागतं, आणि दुपारी बंद करून ठेवलेली गाडी तो आकडा सहज ओलांडते. म्हणून जळगावच्या जुन्या बाजारात कुणी पत्र्यावर मांडलेली रेकॉर्ड दाखवली, की मी आधी ती डोळ्यासमोर आडवी धरून कड बघते. लाट दिसली की भाव विचारायचाच नाही. वाकलेली रेकॉर्ड दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवा, सरळ होते, असं सांगणारे भेटतात. वाक गेलाच तरी उष्णतेनं खाचा बिघडतात, त्या काही परत येत नाहीत.

माझ्या रेकॉर्डी सासरच्या जुन्या धाब्याच्या घरात, माजघरात असतात. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, खिडकी एकच. वरच्या मजल्यावरचा स्लॅबचा हॉल दिसायला झकास, पण संध्याकाळी त्याच्या भिंतींना हात लावून बघा. कपाटात सगळ्या उभ्या, घट्ट नाही आणि ढिल्याही नाही. तिरक्या राहिल्या तर वाकतात. एकावर एक रचल्या तर खालच्यांवर भार येतो, आणि ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डी, तर तडकतात. कूलर त्या खोलीत चालवत नाही. वाळ्याचा वास कितीही गोड असला, तरी ती ओल पुठ्ठ्यात शिरते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. वाळवीसाठी कपाट भिंतीपासून हातभर पुढे.

आता धूळ. काळ्या मातीची धूळ एक वेळ परवडली. कापूस निघाला आणि सरकी काढायचं जिनिंग सुरू झालं, की हवेत जो बारीक तंतू उडतो तो वाईट. कोरड्या हवेत रेकॉर्ड पाकिटातून काढताना तिच्यावर वीज साठते आणि तंतू तिलाच जाऊन चिकटतात. सुईच्या टोकाला राखाडी गोळी जमते, गाणं सर्दी झाल्यासारखं येतं. लोक सुईला दोष देतात आणि नवी सुई घेतात. आधी मऊ ब्रशनं मागून पुढे झाडून तर बघा.

धुवायला बोअरचं पाणी नको. आमच्या पाण्यात क्षार इतके की वाळल्यावर खाचांत पांढरी पावडर बसते. बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरसाठी डिस्टिल्ड वॉटर मिळतं, तेच आणते. नीट विचारून घ्यायचं, शेजारीच ॲसिडचे कॅनही असतात. त्यात थेंबभर सौम्य लिक्विड सोप, मखमलीचा तुकडा, खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचं, मग नुसत्या पाण्यानं पुसून सुती कापडावर उभी वाळवायची. लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही.

पण स्पिरिटचं तेवढं लक्षात ठेवा. आबांच्या पेटीतल्या निम्म्याहून जास्त रेकॉर्डी ७८ च्या आहेत आणि त्या विनाइलच्या नाहीत, लाखेच्या आहेत. ही लाख पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळते. सुतार पॉलिश करताना चपडी, म्हणजे हीच लाख, स्पिरिटमध्येच विरघळवतात, मग त्याच स्पिरिटनं लाखेची रेकॉर्ड पुसली तर काय होईल हे त्यांना विचारा. पाण्याचा हातही झटपट फिरवायचा, भिजत घालायची नाही. सुईही वेगळी लागते. ७८ ची खाच रुंद, एलपीची, म्हणजे नंतरच्या विनाइल रेकॉर्डीची, बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन नुसती खरखरते. आबांच्या जुन्या मशीनला पोलादी पिना होत्या, दर बाजूला नवी पिन. एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, म्हणजे वरात दारी येईपर्यंत पिनांची डबी रिकामी. काही वेळा तीच पिन पुन्हा पुन्हा वापरलेली दिसते. तसल्या रेकॉर्डींच्या खाचा कायमच्या करड्या पडल्यात, धुऊन काही उपयोग नाही.

प्रत्येक लेबलवर लाल ऑइलपेंटनं आबांच्या नावाची दोन अक्षरं आहेत. एका लग्नात दोन लाऊडस्पीकरवाले आले, की रेकॉर्डींची अदलाबदल व्हायची, त्यावरचा हा उपाय. एका शौकीन गृहस्थांनी मला ती अक्षरं हळूच खरवडायला सांगितली, म्हणे किंमत वाढेल. मी चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. आम्ही पोरं पेटीजवळ गेलो की आबा एकच सांगायचे, "कडाले धर, माय, मझार बोट नको लावू." मझार म्हणजे मध्ये. बोटाचं तेल खाचेत बसतं आणि त्यावर धूळ चिकटते, हे कारण मला फार पुढे वाचायला मिळालं.

परवा पुतण्याच्या लग्नाचा डेकोरेशनवाला आला. स्टेजमागे जुन्या रेकॉर्डी टांगायच्या, 'रेट्रो थीम' म्हणे. लग्न मे महिन्यात, लॉनवर, हॅलोजनसमोर. मी म्हटलं, कर्णे न्या हवे तर, रेकॉर्डी नाही. त्यानं कर्ण्यांना सोनेरी रंग मारला, आणि ते अजून त्याच्याच गोडाऊनमध्ये आहेत.