सुट्टीत भाचा डोंगरावर येतोय

खुलताबादच्या वर, म्हैसमाळच्या पठारावर मे महिन्यातही वारा असतो. त्यामुळे मामा-मामी निर्धास्त राहतात आणि लेकराला ऊन लागतं. भटकंती सकाळी ६ ते ९, नंतर थेट ५ नंतर. खेळाच्या नादात पोरांना तहान कळत नाही. दर २० मिनिटांनी चार-पाच घोट आपणच पाजावेत. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडलंय. जुलाब लागले तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. अंग भाजतंय आणि पोर बरळतंय, तर पाणी ओतत, वारा घालत लगेच दवाखाना गाठा.

अंगणात झोपायचा हट्ट तो करणारच. झोपू द्या की! पण बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मण्यार हा विषारी साप; ती रात्री हिंडते, जमिनीवरच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, म्हणून झोपेत कळतही नाही. बूट झटकूनच घालायचे, आत विंचू असतो. देवगिरीला (दौलताबादच्या किल्ल्यावर) नेलंत तर अंधारीसाठी, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेसाठी, बॅटरी घ्या. कड्याखाली अत्तर, धूर, दगड काही नको, आग्यामोहोळ उठतं.